बंगळूर छावणीतील फुटबॉल

इ. स. १८७२ च्या नाताळात कलकत्त्याच्या मैदानावर एका बाजूस इंग्लंडचे वीस तरुण आणि दुसऱ्या बाजूस स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स येथील मिळून वीस तरुण अशी जोडणी करून रग्बीचा एक सामना झाला, आणि त्या खेळाची साहेबलोकांना एवढी गोडी लागली की पुढच्याच जानेवारीत त्यांनी ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन केला. परंतु बंगालचे हवामान, गोऱ्या पलटणीची झालेली बदली, पोलो व टेनिस यांकडे वळलेली मंडळींची रुची आणि, त्या काळच्या हकिगतींवर विश्वास ठेवायचा तर, सभासदांना फुकट मिळणाऱ्या मद्याची बंद पडलेली सोय, अशा नाना कारणांनी चार-पाच वर्षांतच क्लबाचे सभासद पांगले. तेव्हा उरलेल्या चालकांनी खात्यावरची शिल्लक २७० चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढून घेतली, ते रुपये वितळवून हिंदी कारागिरांकडून एक चषक घडवून घेतला आणि १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. फणा काढलेल्या तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर एक हत्ती असलेल्या या चषकासाठी १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड झुंजत आलेले आहेत. एखाद्या क्लबाचा अंत इतक्या सुबक पात्रात जतन झाल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

हा वृत्तांत येथे सांगण्याचे कारण असे की, एकाच कुळात जन्मलेले दोन खेळ या देशात एकाच सुमारास, एकाच जहाजांतून आणि एकाच पलटणींबरोबर आले असता त्यांपैकी एक जिमखान्याच्या कुंपणाआडच राहिला आणि दुसरा कुंपण ओलांडून खानसाम्यांच्या, मोतद्दारांच्या आणि भिस्त्यांच्या वस्त्यांत जाऊन पोहोचला, या गोष्टीचा उलगडा केल्यावाचून बंगळूरच्या क्रीडा-इतिहासाचे मर्म कळणार नाही. रग्बीला मऊ हिरवळ लागते, कारण त्यात मनुष्य पुनःपुन्हा भुईवर आपटतो. दख्खनच्या पठारावरच्या खडखडीत जमिनीवर हा खेळ खेळणे म्हणजे हाडे मोडून घेणे होय. शिवाय अंगाला अंग भिडवून, एकमेकांच्या कमरेला मिठ्या मारून खेळावयाच्या या खेळात राज्यकर्त्यांनी रयतेस सामील करून घ्यावे, असा तो काळही नव्हता. मुंबईच्या जिमखान्यात १८७५ पासून रग्बीची परंपरा नांदली खरी, परंतु त्या जिमखान्याचे सभासदत्व स्वातंत्र्यापूर्वी हिंदी माणसास मुळी मिळतच नव्हते. याउलट फुटबॉलला लागते काय? थोडी सपाट जमीन, चार धोंडे आणि एक चेंडू. खेळ पाहून शिकता येण्याजोगा, आणि शिकण्यास कोणाच्या सनदेची गरज नसलेला.

मराठी वाचकाला बंगळूर ठाऊक असते ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेले, १६३८ साली आदिलशाही फौजेने जिंकून घेतलेले आणि नंतर शहाजीराजांच्या वास्तव्याने गजबजलेले ते बंगळूर म्हणजे कोटाच्या आतली पेठ. या लेखाचा विषय असलेले बंगळूर निराळे आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथे राहिलेल्या इंग्रजी फौजेस तापाने जेरीस आणले, तेव्हा १८०९ साली तिची छावणी हलसूरच्या तळ्यानजीकच्या उंच, निरोगी माळावर हलविण्यात आली, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या त्या माळावर हळूहळू दुसरे एक नगर उभे राहिले. १८८१ साली म्हैसूरचे राज्य वोडेयर घराण्यास परत देताना इंग्रजांनी हा टापू मात्र रेसिडेंटाच्या अंमलाखाली स्वतःकडे ठेवून घेतला, आणि १९४७ साली तो दरबारास परत मिळेपर्यंत पेठ व छावणी यांचे कायदे, कर, कोतवाली व नगरपालिका यांची दफ्तरे निरनिराळी राहिली. मधोमध कब्बन पार्कची झाडी. अलीकडे कानडी पेठ, पलीकडे तमिळ, दखनी उर्दू आणि इंग्रजी कानी पडणारी छावणी.

छावणीत साहेबांचे जीवन ऐषआरामाचे होते. १८९६ मध्ये चौथ्या हुसार पलटणीबरोबर येथे आलेला विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण अधिकारी सकाळी कवायत, दुपारी ग्रंथवाचन आणि सायंकाळी पोलो असा क्रम कसा आचरीत होता, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. छावणीतील साहेबांच्या क्लबाच्या वहीत त्याच्या नावावर तेरा रुपयांची थकबाकी अद्याप दाखविली जाते, ही बंगळूरकरांची आवडती गंमत आहे. परंतु एका पोलोपटूमागे घोड्याचा मोतद्दार, खरारा करणारा, गवत आणणारा, स्वयंपाकी, धोबी, शिंपी आणि दर्जेदार कातडे कमावणारा चांभार अशी केवढी रांग उभी असे! हे लोक मद्रास इलाख्यातून आणि दख्खनच्या मुलखातून येऊन हलसूर, आज शिवाजीनगर म्हणून ओळखली जाणारी ब्लॅकपल्ली, आणि पुढे वसलेल्या ऑस्टिन टाउन व मर्फी टाउन यांसारख्या वस्त्यांत राहिले. पलटणीच्या दोन तुकड्यांचा सामना चालू असता त्याच्या कडेला उभे राहून तो पाहण्यास कोणाचा मज्जाव नव्हता. पाहणाऱ्यांच्या मुलांनी संध्याकाळी तोच डाव आपल्या गल्लीत मांडला, यात आश्चर्य ते कोणते? छावणी ओसरली, पलटणी गेल्या, पण फुटबॉल राहिला तो या वस्त्यांत. पेठेत तालमी होत्या, छावणीत चेंडू होता.

कोणत्याही खेळाची शैली ही प्रथम भूमीची आणि मग खेळाडूची निर्मिती असते, असे मला वाटते. छावणीच्या माळाची माती लाल आणि कठीण. वर्षाकाठी पाऊस पडतो तो बेताचा आणि बराच काळ विखुरलेला, त्यामुळे कलकत्त्यासारखा महिनोन्‌महिने चिखल नाही. अशा भूमीवर उंच उडविलेला चेंडू भलतीकडेच उसळतो, तर जमिनीसरशी सरकविलेला चेंडू इच्छिल्या ठिकाणी मुकाट्याने जातो. त्या काळचा चेंडू कातड्याच्या पट्ट्या शिवून केलेला, आत रबरी फुगा आणि तोंडाशी वादीने आवळलेली शिवण. कोरडा असता त्याचे वजन सुमारे चारशे-साडेचारशे ग्रॅम, आणि पाऊस पडला की तो पाणी पिऊन धोंड्यासारखा जड होई. वादीच्या गाठीवर कपाळ आदळले तर कातडी सोलून निघे. म्हणून चेंडू डोक्यावर घेण्यापेक्षा पायाजवळ ठेवण्याकडे येथील मुलांचा कल झाला, तो शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

त्यात पाय अनवाणी. घोट्याला आणि पावलाच्या कमानीला पट्टी गुंडाळलेली, बोटे उघडी, आणि त्या उघड्या बोटांना चेंडूचा नेमका अंदाज. तळव्याने चेंडू थोपवावा, बोटांनी तो किंचित ओढून घ्यावा, समोरचा बूटधारी गडी झेपावला की पावलाच्या आतल्या अंगाने तो बाजूला सारावा, आणि तोपर्यंत तिरक्या रेषेत धावत आलेल्या जोडीदाराकडे आठ-दहा पावलांच्या अंतरावर देऊन टाकावा, हा तो डाव. गोऱ्या पलटणींचा खेळ लांब टोल्यांचा, खांद्याच्या धक्क्याचा आणि दमाचा होता. त्यांच्या बुटाखाली उघडे पाऊल सापडले की नख उलटे आणि खेळाडू महिनाभर घरी. तेव्हा टक्कर टाळणे ही अनवाणी खेळाडूची हौस नव्हती, गरज होती, आणि गरजेपोटी आलेली चपळाई कालांतराने कला म्हणून ओळखली जाऊ लागली. दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक व पाच आघाडीवीर अशा त्या काळच्या मांडणीत आघाडीच्या आतल्या दोन जागा, म्हणजे इनसाइड-लेफ्ट व इनसाइड-राइट, या खेळास विशेष अनुकूल असत, आणि बंगळूरने नावाजलेले खेळाडू दिले तेही बहुतांशी आघाडीच्या फळीतले.

या शैलीचा पुरावा मुंबईकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तो १९३७ साली. १८९१ पासून मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स चषक पहिल्या वर्षी वूस्टरशायर पलटणीने नेला, आणि त्यानंतरच्या सुमारे अर्धशतकात तो एकाही हिंदी संघाच्या हाती लागला नव्हता. १९११ साली मोहन बागानने कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून तेथील शील्ड स्पर्धा जिंकली, तिचा गाजावाजा देशभर झाला. त्याच मोहन बागानला १९२३ साली रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात मात्र पलटणीपुढे हार खावी लागली. शेवटी कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्सच्या अंतिम सामन्यास १९३७ साली दोन हिंदी संघ समोरासमोर आले : एक, सलग चार वर्षे कलकत्त्याची लीग जिंकून दिग्विजयी ठरलेला मोहमेडन स्पोर्टिंग, आणि दुसरा, छावणीच्या गल्ल्यांतून आलेला बँगलोर मुस्लिम्स. सामना १-० असा बंगळूरने जिंकला. यातली गंमत अशी की कलकत्त्याच्या त्या बलाढ्य संघाच्या बांधणीतही बंगळूरहून नेलेल्या खेळाडूंचा हात होता. म्हणजे चषक कोणीही उचलला असता तरी छावणीच्या मातीला त्यातला काही अंश मिळणारच होता.

पुढच्याच वर्षी, १९३८ साली, बँगलोर मुस्लिम्सने आर्गाइल अँड सदर्लंड हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचा ३-२ असा पराभव करून चषक आपल्याकडेच ठेवला, आणि मागील वर्षीचे यश केवळ योगायोगाचे होते असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद केली. १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगने त्याच मैदानावर उसने फेडले. परंतु १९४८ साली बँगलोर मुस्लिम्सने मोहन बागानला १-० असे हरवून तिसऱ्यांदा रोव्हर्स चषक जिंकला. क्लबाच्या नावातील धर्मवाचक शब्दाने आजच्या वाचकाने दचकू नये. त्या काळी मुंबईत क्रिकेटचे सामनेसुद्धा हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा संघांतच होत, आणि १९३७ साली त्यांत ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ दाखल झाला. मनुष्य ज्या वस्तीत राही तिच्या नावाने खेळे, इतकाच बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ होता. फाळणीच्या रक्तपातानंतर अवघ्या वर्षभरात त्या नावाचा संघ मुंबईस येतो, अंतिम सामना जिंकतो आणि चषक घेऊन बंगळूरला परत जातो, ही घटना माझ्या मते त्या वर्षीच्या मोठमोठ्या राजकीय घटनांच्या शेजारी नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

त्याच १९४८ साली ३१ जुलै रोजी लंडनजीक इलफर्ड येथे स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरला. नागा भूमीतील, पुढे डॉक्टर झालेले तालिमेरेन आओ हे त्या संघाचे कर्णधार होते, बहुतेक गडी अनवाणी होते आणि बंगळूरकरांचा त्यात मोठा भरणा होता. सामना आपण १-२ असा हरलो, दोन पेनल्टी वाया गेल्या. पण भारताचा ऑलिंपिकमधला पहिला गोल नोंदविला तो बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांनी, उत्तरार्धात, फ्रान्सशी बरोबरी साधून देताना. त्याच आघाडीच्या फळीत अहमद खान होते. हलसूरचा हा इनसाइड-लेफ्ट चेंडू पायात आला की प्रतिस्पर्ध्यांना जणू गारुड्याने पुंगी वाजवावी तसा डोलवी, आणि म्हणून प्रेक्षकांनी त्यांना गारुडी हीच पदवी दिली. १९४९ साली ते बँगलोर मुस्लिम्स सोडून कलकत्त्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेले. तेथे अप्पाराव, सालेह, व्यंकटेश आणि बंगळूरचेच धनराज यांच्यासह त्यांची जी आघाडीची फळी जमली तिला बंगाली रसिकांनी ‘पंचपांडव’ म्हटले. पाचांतला एकही बंगाली नव्हता, आणि त्यातले दोघे छावणीचे होते, ही गोष्ट त्या काळच्या फुटबॉलच्या अर्थकारणाचे सार सांगून जाते. बंगळूर खेळाडू घडवी. कलकत्ता त्यांना रोजगार, प्रेक्षक आणि कीर्ती देई. जेथे लाखभर माणसे सामन्याच्या वार्तेवर जगतात तेथे खेळाडूने जावे, यात त्याला दोष कसा द्यावा? परंतु गावाच्या क्लबांस मात्र त्यायोगे दर दोन-चार वर्षांनी नवी पिढी उभी करण्याचा कष्टप्रद उद्योग चुकला नाही.

शैलीला जशी भूमी असते तशी सीमाही असते. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. उत्तरेकडील गारठ्यात आणि ओल्या हिरवळीवर उघड्या पायांचे कौशल्य निष्प्रभ झाले, आणि भारताचा एकुलता एक गोल, सामना संपता संपता, अहमद खान यांनी केला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. एका परीने तो न्याय्य निर्णय होता. परंतु बूट विकत घेण्याची ऐपत नसलेल्या वस्त्यांतील मुलांसाठी खेळाचे प्रवेशमूल्य त्यामुळे वाढले, ही बाजूही विसरता येत नाही. बंगळूरने मात्र हा पालट पचविला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला त्या संघात बंगळूरचे केंपय्या होते, तेच पुढे १९६० साली रोमलाही गेले. आणि १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात डावी बाजू सांभाळणारे अरुमैनायगम हेही बंगळूरचेच.

या दुसऱ्या बहराचे श्रेय कारखान्यांस आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तो पुढे सरकारी झाला. १९४८ साली टेलिफोनचा आणि १९५० नंतरच्या दशकात यंत्रांचा व विद्युत उपकरणांचा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांनी आपापले संघ ठेवले, आणि चांगल्या खेळाडूस हजेरीपटावर नाव, महिन्याच्या एक तारखेस पगार आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन अशी त्रिविध हमी दिली. कलकत्त्यास जाऊन चार वर्षांत नाव कमवावे आणि पाचव्या वर्षी गुडघा दुखावून रिकाम्या हाती परतावे, याहून वस्तीतल्या आईबापांस ही हमी शतपटीने मोलाची वाटली, तर नवल नाही. त्याचे फळ मैदानावर दिसले. म्हैसूरने १९४६-४७ साली व पुन्हा १९५२-५३ साली संतोष चषक जिंकला होताच. त्यानंतर १९६७-६८ व १९६८-६९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने तो चषक बंगालला अंतिम सामन्यात हरवून नेला. पुढे मात्र राज्याच्या नव्या नावाने तो चषक परत येण्यास २०२३ साल उजाडावे लागले, आणि मधल्या काळात सरकारी कारखान्यांतील खेळाडूंची भरती आटत गेल्याने हमी गेली व हमीबरोबर संघही क्षीण झाले.

आज बंगळूरचा फुटबॉल म्हटला की २०१३ साली स्थापन झालेला बेंगळुरू एफसी, त्याने पहिल्याच वर्षी पटकावलेले आय-लीगचे विजेतेपद, २०१६ साली दोहा येथे खेळलेला एएफसी चषकाचा अंतिम सामना आणि कंठीरवा स्टेडियमवरचा निळा गोंगाट डोळ्यांपुढे येतो. परंतु हलसूरनजीकच्या गौतमपुरा या वस्तीत गेल्यास एका चौकात बुद्ध, डॉ. आंबेडकर आणि मदर तेरेसा यांच्या शेजारी हातात चेंडू घेतलेला पेले उभा असलेला आढळतो, आणि विश्वचषकाच्या दिवसांत ती वस्ती ब्राझीलच्या पताकांनी पिवळीधमक होऊन जाते. दैवतांची ही पंगत कोणा शासकीय समितीने ठरविलेली नाही. ज्यांनी माणसास माणूस म्हणून उभे केले त्यांच्या रांगेत चेंडू खेळणाऱ्या एका गरीब काळ्या मुलास बसविताना त्या लोकांस कोणतीही विसंगती वाटली नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी या वस्त्यांनी फुटबॉल उचलला तोही प्रतिष्ठेचे दुसरे साधन हाती नव्हते म्हणूनच.

रग्बीचेही भाग्य मूळचे खोटे नव्हते, हे अलीकडे दिसून आले आहे. ओडिशातील आदिवासी मुलांच्या कलिंग संस्थेने २००७ साली लंडनला जाऊन शालेय रग्बीचे जागतिक विजेतेपद मिळविले आणि भारताच्या महिला रग्बी संघात त्याच राज्यातल्या मुली पुढे आल्या. म्हणजे कलकत्त्यात ज्या खेळाची चांदी वितळवून विलायतेस पाठवावी लागली तो खेळ या भूमीस परका होता असे नव्हे. कुंपण काढल्याबरोबर तोही येथे रुजतो. बंगळूरच्या छावणीत फुटबॉलला कुंपण नव्हते, एवढाच काय तो फरक, आणि या फरकावर एका शहराची अर्ध्या शतकाची कीर्ती उभी राहिली. आज छावणीच्या जुन्या माळांवर इमारती चढल्या आहेत आणि उरलेल्या मैदानांवर तासाच्या भाड्याने खेळण्याची वहिवाट पडत चालली आहे. क्लब येतात आणि जातात, कारखाने भरती थांबवितात, धनिक नवे संघ विकत घेतात. परंतु वस्तीतल्या मुलास फुकट खेळता येईल अशी सपाट जागा जोवर आहे तोवरच पुढचा अहमद खान संभवतो, आणि शहराच्या विकास आराखड्यात ती जागा राखून ठेवणे हाच त्या इतिहासाचा खरा सत्कार होय.